वच्छलाअक्का आणि जावयाची गाडी

माझी मावशी वच्छलाबाई गेली एकतीस वर्षं धरणगावजवळच्या आमच्या गावात पिठाची चक्की चालवते. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणतो. वय त्रेसष्ट, अंगाने काटक, भुवयांवर कायम पिठाची पांढरी रेघ. खरं तर चक्की टाकली ती तिच्या यजमानांनी, नथ्थूआबांनी. पण महिनाभरातच आबांच्या लक्षात आलं, की आपल्याला दळण्यापेक्षा दळण घेऊन आलेल्यांशी गप्पा मारणं जास्त चांगलं जमतं. तेव्हापासून आबा बाहेरच्या बाकावर आणि अक्का आत मशीनपाशी, अशी वाटणी झाली. माणसांचं ऐकायचं खातं आबांकडे गेलं, मशीनचं अक्काकडे.

आणि मशीनचं ती असं ऐकते, की बघणाऱ्याला भीती वाटावी. पट्टा सैल झाला, दगड घासला, शाफ्टचं बेरिंग कोरडं पडलं, हे सगळं तिला न बघता कळतं. मी धरणगावला शाळेत गणित शिकवतो. दोन वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाला ती आमच्या शाळेत आली होती. मुख्याध्यापकांचं भाषण सुरू असताना ती खुर्चीवरून उठली, खुर्ची उचलून चार हात लांब नेऊन ठेवली आणि परत बसली. मुख्याध्यापकांना वाटलं, भाषण आवडलं नाही. कार्यक्रम संपल्यावर तिने मला बाजूला घेतलं.

"भटू, त्या पंखाखाले पोरं बठाडू नको. त्यानं बेरिंग रडी ऱ्हायनं."

भटू म्हणजे मी. पंखा उतरवला तर आतले छर्रे झिजून वाटाण्याचे तांदूळ झाले होते. भाषणही तसं लांबलंच होतं, पण तो विषय वेगळा.

तर अशा या अक्काला गेल्या वैशाखात तिच्या पुतण्याच्या लग्नाला धुळ्याला जायचं होतं. पुतण्या म्हणजे आबांच्या धाकट्या भावाचा मुलगा, कुंदन. नवरी मयुरी धुळ्यातल्या देवपूरची. मुहूर्त दुपारी बारा वाजून वीस मिनिटांचा. वऱ्हाडाची बस सकाळी सातलाच पुढे गेली आणि नवरदेवाची गाडी आठला निघाली. ती गाडी होती घरच्या जावयाची, भूपेंद्ररावांची.

भूपेंद्र म्हणजे कुंदनच्या मोठ्या बहिणीचा, रूपालीचा नवरा. राहणार भडगाव, धंदा ठिबकच्या नळ्या विकण्याचा, बोलणं एकदम शुद्ध. आमच्याकडे जावई म्हणजे काय हे सांगायला नको. जावई म्हणाला चहा गार आहे, तर चहा गारच असतो, मग वाफा का येईनात. भूपेंद्रने वर्षभरापूर्वी एक जुनी सात सीटर गाडी घेतली होती आणि तिला नवरीसारखी नटवली होती. मूळची चाकं काढून रुंद, चकचकीत चाकं बसवली होती, इतकी रुंद की टायर मडगार्डच्या बाहेर डोकावत. दर रविवारी वॉशिंग सेंटरला नेऊन पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणं चाले. त्या दिवशी गाडीवर गुलाब आणि झेंडूच्या माळा होत्या, मागच्या काचेवर कुंदन आणि मयुरीची नावं होती आणि आत एवढ्या मोठ्याने गाणी लावली होती, की रस्त्यावरची म्हातारी माणसं थांबून नमस्कार करत होती. त्यांना वाटलं, मिरवणूक आली.

पुढे भूपेंद्र आणि फेटा बांधलेला कुंदन, मध्ये आबा, अक्का आणि करवली रूपाली, आणि अगदी मागे सुटकेसा, फळांच्या परड्या आणि मी.

एरंडोलला महामार्गाला लागलो, गाडीने वेग घेतला आणि अक्काने मान तिरकी केली. मला मागून तिचा फक्त अंबाडा दिसत होता, पण अंबाड्यावरूनही कळलं की काहीतरी सुरू झालं आहे.

"पाव्हना, ते गानं जरासं बंद करा ना."

भूपेंद्रने आवाज थोडा कमी केला. अक्का म्हणाली, बंद. त्याने बंद केला. मग मलाही ऐकू आलं. लांबून विमान जावं तशी एक घरघर. गाडी वेगात गेली की वाढे, हळू झाली की खाली येई.

"हाऊ आवाज कसाना शे?"

"रोडचा आहे, अक्का. टायर रुंद आहेत ना, म्हणून असा येतो."

पुढे पुलाजवळ रस्ता उजवीकडे वळला तेव्हा घरघर वाढली. नंतर डावीकडे वळला तेव्हा जवळजवळ थांबली. अक्काने मान हलवली, मी परीक्षेत मुलाचं उत्तर बरोबर निघालं की हलवतो तशी.

"पाव्हना, क्लच दाबा बरं. इंजिनले ऱ्हाऊ द्या एकटं."

"कशाला?"

"दाबा तं खरं."

जावयाने क्लच दाबला. इंजिनचा आवाज खाली गेला, घरघर तिथेच राहिली. चक्कीतही मोटर ओरडते की शाफ्ट, हे कळायला ती आधी पट्टा उतरवून बघते. इथे पट्टा नव्हता, क्लच होता, एवढाच फरक.

"इंजिन नही," ती म्हणाली. "चाक शे. पुढलं डावं. उजवीकडे वळतस तव्हय बठ्ठं वजन डावा चाकवर पडस, आनि ते वरडस."

रूपाली खिडकीबाहेर कापसाची रिकामी शेतं बघू लागली. कुंदनने फेटा सारखा केला. जावयाच्या गाडीत दोष काढणं म्हणजे जावयाच्या नाकाला हात लावणं, आणि तेही लग्नाच्या दिवशी.

"तू गप बठ," आबा म्हणाले. "जवाईनी गाडी शे ती. आपली चक्की नही."

"चक्की ऱ्हावो का गाडी, फिरनारं बठ्ठं सारखंच रडस."

भूपेंद्रच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला आरशात दिसल्या. "अक्का, धुळ्याला पोचलो की दाखवून घेऊ. आता मुहूर्त गाठायचाय." असं म्हणून त्याने गाणी परत लावली, आधीपेक्षा जरा मोठ्यानेच.

अशी दहा मिनिटं गेली. मग अक्काने पदर तोंडाला लावला.

"मळमळ व्हई ऱ्हायनी माले. गाडी थांबाडा."

आता जावई कितीही मानी असला, तरी सीटवर कालच नवं कव्हर घातलेलं असताना या वाक्यापुढे त्याचं काही चालत नाही. पारोळा दोन-तीन किलोमीटर राहिलं होतं. रस्त्याकडेला लिंबाखाली चहाचं दुकान होतं, तिथे त्याने गाडी घेतली. अक्का उतरली, लिंबाकडे न जाता तडक पुढच्या डाव्या चाकाकडे गेली आणि नव्या जरीच्या लुगड्याचा ओचा सावरून त्याच्यापुढे उकिडवी बसली. मळमळ कुठल्या कुठे गेली.

तिने तळहात चाकाच्या मध्याजवळ नेला आणि पटकन मागे घेतला. रूपालीच्या हातातली पाण्याची बाटली घेऊन चार थेंब तिथे शिंपडले. चर्र झालं आणि तव्यावर उडतात तसे थेंब उडाले. मग ती उठून पलीकडच्या चाकाकडे गेली, तिथेही चार थेंब टाकले. पाणी गुपचूप खाली ओघळलं.

"ब्रेक लावून लावून गरम होतं," भूपेंद्र म्हणाला, पण आवाजातली हवा निघाली होती.

"ब्रेक काय एकच चाकले लावतस का तुम्ही?"

त्याने जॅक काढला. मी मागच्या टायरांना दगड लावले. चाक जमिनीवरून उचललं गेल्यावर अक्काने मला पुढे केलं. मी एक हात वर, एक खाली धरून चाक हलवलं. ते दुधाच्या दातासारखं हललं. आतून खडखड आली. फेटा घातलेला कुंदन वाकून बघत होता, त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "अरे बापरे."

चहावाल्याने फोन करून पारोळ्याच्या सुकदेव मिस्त्रींना बोलावलं. चाकाच्या कामात आख्ख्या पट्ट्यात त्यांचा हात धरणारा नाही, असं तो म्हणाला. पंधरा मिनिटांत मिस्त्री मोटारसायकलवरून आले. साठीचे, डोळ्यांना जाड चष्मा. त्यांनी चाक हाताने फिरवलं, स्प्रिंगला बोटं लावून आतली थरथर पाहिली आणि गाडीपेक्षा गाडीवाल्याकडे जास्त बारकाईने बघितलं.

"गाडी पाण्यात घातली होती का कधी?"

"नाही," भूपेंद्र म्हणाला.

"गिरणेच्या फरशी पुलावरून पाणी जात होतं तेव्हा नाही का घातली?" रूपाली म्हणाली. "मित्रांना व्हिडिओ काढायला काठावर उभं करून?"

"हां, ते एकदाच."

"धुता कशानं?"

"प्रेशरनं. दर रविवारी," हेही रूपालीनेच सांगितलं. "मला आठवड्यातून एकदा कशी आहेस विचारत नाहीत, पण चाकाच्या आतसुद्धा फवारा मारतात."

मिस्त्रींनी मान डोलावली. "सील कितीही चांगलं असलं तरी इतक्या जवळून फवारा मारला की पाणी आत घुसतं. मग ग्रीसचं ताक होतं. आणि हे टायर? हे गाडीचे नाहीत. एवढं बाहेर आलेलं चाक म्हणजे लांब दांड्याची पहार, बेरिंगला रात्रंदिवस उचकटत बसते. बेरिंग आधी बदललं होतं?"

"चार महिन्यांपूर्वी. एका ठिकाणी. त्यानं हातोड्यानं ठोकून बसवलं."

"तुमच्या समोर?"

"मीच बॅटरी धरली होती."

"दुभाजकाला वगैरे?"

रूपालीने तोंड उघडलं, पण यावेळी भूपेंद्रच घाईने म्हणाला, "एकदा. हळूच."

सुकदेव मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. "साहेब, बेरिंग कसं गेलं हा प्रश्नच नाही. इतके दिवस जगलं कसं, हा प्रश्न आहे."

अक्का सोडून सगळे हसले. तिने विचारलं, "धुळापावत गयी असती का?"

मिस्त्री हसायचे थांबले. "गेली असती किंवा नसती. अशा चाकाचं दोन प्रकारे होतं. एक तर ऐंशीच्या वेगात ते जागेवर जाम होतं आणि गाडी आपल्या मनानं एकीकडे ओढली जाते. नाहीतर आतलं सगळं तुटतं आणि चाक गाडी सोडून जातं. तुम्ही स्टिअरिंग धरून बसलेले असता आणि आपलंच चाक आपल्या पुढे पळताना दिसतं. माझ्याकडे अशी तीन गिऱ्हाइकं झाली. दोघांनी स्वतः येऊन सांगितलं. तिसऱ्याची फक्त गाडी आली, क्रेनच्या मागे."

महामार्गावरून एक भलामोठा ट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्याने आमच्या गाडीवरची झेंडूची माळ हलली. कुंदनने बाकावर बसून फेटा काढून मांडीवर ठेवला. आबांनी अक्काकडे पाहिलं आणि खिशातून तंबाखूची डबी काढून परत ठेवून दिली.

मिस्त्रींनी दोन तास लागतील म्हणून सांगितलं. चाकाच्या आतला भाग काढून दुकानात न्यायचा, प्रेसवर दाबून जुनं बेरिंग काढायचं, नवं दाबून बसवायचं, परत आणून जोडायचं. घड्याळात पावणेदहा. म्हणजे गाडीची वाट बघितली तर मुहूर्त नवरदेवाशिवाय लागणार. वऱ्हाडाची बस केव्हाच धुळ्याला पोचली होती. मी आणि कुंदन महामार्गावर उभं राहून हात करू लागलो. पण जरीची शेरवानी घातलेला माणूस हात करतोय म्हटल्यावर लोकांना गंमत वाटे. दोन गाड्यांनी हॉर्न वाजवून शुभेच्छा दिल्या आणि निघून गेल्या.

शेवटी थांबली ती एक केळीची पिकअप. रावेरकडची केळी भरून धुळ्याच्या बाजारात चालली होती. चालकाचं नाव झुलाल. तो खाली उतरला, सगळी हकिगत ऐकली आणि म्हणाला, पुढे दोघं बसतील, चला. रूपाली आणि कुंदन चढायला निघाले, तेवढ्यात अक्का आडवी आली.

"थांब. आधी ती गाडी तठलोंग ली जाय आनि परत आन."

"का व मावशी?"

"माले आयकनं शे."

झुलालने कपाळावर हात मारला. "मावशी, नवरदेव लई जानं शे का मनी परीक्षा लेनी शे?"

पण तिच्या चेहऱ्याकडे बघून तो गाडीत बसला, शंभर पावलं पुढे गेला आणि वळवून परत आला. अक्का रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभी होती. तिच्या शेजारी सुकदेव मिस्त्रीही हातातला पाना तसाच धरून डोळे मिटून उभे राहिले. दोघांनी एकदमच डोळे उघडले.

"निरोगी शे," अक्का म्हणाली.

"निरोगी आहे," मिस्त्री म्हणाले, "फक्त मागचं डावं मडगार्ड वाजतंय."

"हा, मडगार्ड. त्याले नट लाव रे बाबा."

पिकअप गेली. ती धुळ्याला कशी पोचली ते रूपालीने नंतर सांगितलं. देवपूरच्या कार्यालयाच्या दाराशी नवरीकडची माणसं हार घेऊन फुलांच्या गाडीची वाट बघत होती आणि समोर येऊन थांबली केळीची पिकअप. ते म्हणाले, माल मागच्या दाराने घ्या. झुलालने खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं, "माल मांगे शे, नवरदेव पुढे शे." त्यावर बँडवाल्यांनी असा काही जोर लावला, की शेजारच्या कार्यालयातलं वऱ्हाडही बाहेर आलं. झुलालने मागून एक घड काढून मयुरीच्या वडिलांच्या हातात दिला. त्यांना कळेना, आता हे कुठल्या मानपानात धरायचं.

इकडे लिंबाखाली आम्ही चौघं राहिलो. मिस्त्री चाकाचा आतला भाग काढून निघाले. मोटारसायकलवर तो धरून बसायला कोणीतरी हवं होतं. भूपेंद्र स्वतःहून मागे बसला. बदामी रंगाच्या नव्या कोऱ्या सफारीच्या मांडीवर काळंकुट्ट लोखंड घेऊन आमचा जावई पारोळ्याला गेला. तासाभराने परत आला तेव्हा सफारीचा रंग सांगता येत नव्हता. हातात रुमालात बांधलेलं जुनं बेरिंग होतं. त्याने ते अक्कापुढे उघडलं. छर्रे निळे-काळे पडलेले, त्यांना धरणारी कडी तुकड्यातुकड्यांनी मोडलेली, आणि ग्रीसच्या जागी काजळासारखा कोरडा थर.

मिस्त्री जोडणीला लागले. भूपेंद्र अक्काशेजारी बाकावर टेकला. 

"अक्का, एक सांगू? मला पंधरा दिवसांपासून ऐकू येत होतं."

"माले माहीत शे."

"कसं?"

"गानं एवढं मोठं कोन लावस? ज्याले दुसरं काही आयकनं नही, तोच."

तो कसनुसा हसला. मग अक्काने त्याला एक गोष्ट सांगितली, जी मीही पूर्ण कधी ऐकली नव्हती. चक्की सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. दिवाळीचा आठवडा, दळणाची रांग पार मारुतीच्या पारापर्यंत. शाफ्टचं बेरिंग बारीक किणकिणत होतं. पीठ आत जाऊन ग्रीस सुकलं होतं. तिला चार दिवस ऐकू येत होतं आणि चार दिवस ती म्हणत होती, दिवाळी होऊ दे. पाचव्या दिवशी कुंदाबाई नावाची शेजारीण डबा घेऊन पट्ट्यासमोर उभी होती. तिला ठसका लागला, म्हणून डबा तिथेच ठेवून ती पाणी प्यायला बाहेर आली. तेवढ्यात बेरिंग जाम झालं, शाफ्ट थांबला, मोटर थांबली नाही. पट्टा तुटून सुटला आणि त्या डब्यावर असा बसला, की पत्र्याचा डबा मधोमध दुमडला.

"डबा बरोबर तिना पोटना उंचीवर व्हता, स्टुलवर," अक्का म्हणाली. "कुंदाबाई हसनी. बठ्ठा गाव हसना. मी पंधरा दिन चक्की उघडी नही. घरवाला सांगे, काही व्हयनं नही ना, मंग काबरं रडस? पन मशीन चार दिन माले सांगत व्हतं, पाव्हना. मी आयकीसन बी दळत ऱ्हायनू."

आबा बाकाच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी उठून अक्काचा चहाचा ग्लास परत भरून आणला. भूपेंद्रने बेरिंग परत रुमालात गुंडाळलं. तो म्हणाला, "अक्का, मला 'तुम्ही' म्हणू नका. भूपेंद्र म्हणा."

"ते जमाव नही," अक्का म्हणाली. "जवाई तो जवाईच. पन चहा पी ले."

बारा वाजून अठरा मिनिटांनी रूपालीचा व्हिडिओ कॉल आला. मंगलाष्टकं सुरू होती. मी फोन गाडीच्या बॉनेटवर टेकवून ठेवला. अक्काने पिशवीतून अक्षता काढल्या, आम्हा सगळ्यांच्या हातात दिल्या, चहावाल्यालाही दिल्या. सुकदेव मिस्त्री चाकापुढे बसून मधला मोठा नट आवळत होते. त्यासाठी त्यांच्याकडे एक लांब पाना होता, ठरलेला जोर लागला की टक् वाजणारा. नट सैल राहिला तरी बेरिंग मरतं आणि जास्त आवळला तरी मरतं, असं ते मला सांगतच होते, एवढ्यात अष्टक संपत आलं आणि ते आदराने बोलायचे थांबले, हात तेवढा चालू ठेवला. फोनमधून 'शुभमंगल सावधान' आलं आणि पाना टक् वाजला. आम्ही अक्षता टाकल्या. फोनवर कमी पडल्या, मिस्त्रींच्या डोक्यावर जास्त.

"माझं झालंय हो लग्न," ते म्हणाले.

दीड वाजता आम्ही कार्यालयात पोचलो. पंगती बसल्या होत्या. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी आणि जिलेबी. अक्का पानावर बसते न बसते तोच नवरीकडचे एक मामा आले. केळीच्या गाडीतून नवरदेव आणल्याची बातमी त्यांच्या मनाला लागली होती. कोणा बाईने म्हणे आवाज येतो म्हणून चांगली फुलांची गाडी रस्त्यात बंद पाडली.

अक्काने घास खाली ठेवला. पण उत्तर देण्याआधी भूपेंद्र उभा राहिला. काळ्या डागांची सफारी, हातात रुमाल. त्याने तो मामांच्या पुढ्यात, जिलेबीच्या ताटाशेजारी उघडला.

"मामासाहेब, ही ती चांगली गाडी. आणि ती बाई या माझ्या चुलत सासूबाई. यांनी थांबवली नसती, तर तुमच्या भाचीला आज नवरा मिळाला नसता, आणि रूपालीलाही उरला नसता."

मामांनी बेरिंग हातात घेतलं. शेजारच्याने बघितलं, मग त्याच्या शेजारच्याने. ते पंगतीतून फिरत गेलं. वाढपी तुपाचं भांडं घेऊन थांबून राहिला. जेवणं झाल्यावर मी पान खायला बाहेर गेलो, तर गाड्या लावल्या होत्या तिथे वेगळंच दृश्य होतं. सात-आठ सुटाबुटातली माणसं आपापल्या गाडीपुढे उकिडवी बसून चाकांना हात लावून बघत होती. एकजण कान लावून बसला होता. गाडी उभी होती, पण तरीही. मामा सर्वांत पुढे होते.

नवरीची पाठवणी झाल्यावर संध्याकाळी परत निघालो. नवरानवरी बसने वऱ्हाडाबरोबर गेली, त्यामुळे गाडीत जागा होती. भूपेंद्रने गाणी लावली नाहीत. सूर्य कलत होता, पारोळ्याच्या अलीकडे उन्हाची झळ कमी झाली आणि थोड्या वेळाने मधल्या सीटवरून एक खोल घरघर यायला लागली. भूपेंद्र एकदम सावध झाला. वेग कमी केला, परत वाढवला. घरघरीत फरक पडेना. त्याने क्लचही दाबून बघितला.

"आबा, ऐकलंत का? हा कसला आवाज?"

अक्का खिडकीला डोकं टेकवून, तोंड उघडं टाकून झोपली होती.

"चालू द्या," आबा म्हणाले. "हाऊ आवाज पंचेचाळीस वरीसना शे. याना बेरिंगले काही व्हत नही."

पावसाळ्यानंतर मी एकदा चक्कीवर गेलो होतो, तेव्हा अक्काचा फोन वाजला. भडगावहून भूपेंद्र. गाडीचं कुठलंसं चाक टिकटिक करतंय म्हणून त्याने फोन चाकाजवळ धरला आणि रूपालीला गाडी हळूहळू चालवायला लावली. अक्काने चक्की बंद केली, रांगेतल्या बायकांना गप्प केलं आणि बराच वेळ ऐकलं.

"फोनवर काही समजत नही," ती म्हणाली. "पन इकडे गाडी आनू नका, चालाडूच नका. तठलाच मिस्त्रीले घर बलावा."

अर्ध्या तासाने परत फोन आला.

"काय निंघनं?"

"खडा," भूपेंद्र म्हणाला. "टायरच्या नक्षीत अडकला होता."

"बरं व्हयनं," अक्का म्हणाली आणि चक्की सुरू केली.